स्वेच्छ स्थिरांक केव्हा लिहावा, आणि त्याचे नाव बदलताना काय पाहावे?

प्रश्न : मोर्शीचा विद्यार्थी

नमस्कार. मी मोर्शी तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी माझा चुलतभाऊ आणि त्याचा एक मित्र, असे बारावीचे दोघे जण माझ्याकडे गणित घेऊन बसतात. गेल्या आठवड्यात अवकल समीकरणांचे प्रकरण, म्हणजे वर्गात आपण सगळे ज्याला डिफरन्शियल इक्वेशन म्हणतो ते, सुरू केले आणि समाकलनानंतर येणाऱ्या ‘+ क’ पाशी, म्हणजे कोणतीही किंमत घेऊ शकणाऱ्या स्वेच्छ स्थिरांकापाशी, माझी गाडी अडली. उदाहरणे मला सोडवता येतात. परंतु या दोघांनी विचारलेल्या ‘का’ ची उत्तरे देता आली नाहीत, म्हणून येथे लिहीत आहे. चलांसाठी क्ष आणि य, क्ष च्या संदर्भात य च्या अवकलजासाठी य′, आणि स्थिरांकांसाठी क, ख, ग अशी अक्षरे वापरली आहेत. ‘लॉग’ म्हणजे सर्वत्र नैसर्गिक लॉग, आणि ई म्हणजे २.७१८… ही संख्या.

पहिली शंका अशी. य′ + य = क्ष हे समीकरण चुलतभावाने ई^क्ष ने गुणून बरोबर सोडवत आणले, पण समाकलन करताना स्थिरांक लिहायचे विसरला. शेवटी आठवण झाली तेव्हा उत्तरापुढे ‘+ क’ जोडून त्याने य = क्ष − १ + क असे लिहिले. चाचणीत गुण गेले. त्याचे म्हणणे असे की, क कोणताही असू शकतो असे तुम्हीच सांगता, तर मग तो आधी लिहिला काय आणि नंतर लिहिला काय, फरक का पडावा?

दुसरी शंका नावांची आहे. गाइडमध्ये कधी क असतो, कधी क/२, तर कधी कोठूनही न सांगता ‘लॉग क’ उगवतो. पुढच्याच ओळीत ई^क चा पुन्हा क होतो. हे केव्हा चालते आणि केव्हा चालत नाही, याचा नियम कोठेही लिहिलेला दिसला नाही.

तिसरी शंका : य′ = साइन क्ष × कोसाइन क्ष याचे आमचे उत्तर ½ साइन²क्ष + क असे आले, गाइडमध्ये −¼ कोसाइन २क्ष + क आहे. दोन्ही बरोबर कशी?

एक घरचे उदाहरणही देतो, कारण सगळा वाद त्यावरूनच पेटला. आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकला खताची ९० लिटरची टाकी जोडलेली आहे. तिच्यात १९:१९:१९ हे विद्राव्य खत ३ किलो टाकले, की एका बाजूने मिनिटाला ६ लिटर साधे पाणी आत येते आणि तेवढेच खतपाणी दुसऱ्या बाजूने ठिबकात जाते. वडील १५ मिनिटांनी टाकी बंद करतात, कारण ६ × १५ = ९०, म्हणजे टाकीभर पाणी निघून गेले आणि त्याबरोबर खतही गेले, असा त्यांचा हिशेब. लाइनचे तास मोजके असल्यामुळे त्यांना घाईही असते. मी समीकरण मांडले : टाकीतील खत म किलो असेल, तर म′ = −म/१५. येथे स्थिरांक कोणता आणि तो कोठे बसतो, हे दोघांना समजावताना माझीच भाषा अडखळली. मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : सीईटीचा परीक्षार्थी

भाऊ, एवढे खोलात जाण्याची गरज नाही. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, आणि चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. चार पर्याय दिलेले असतात. समीकरण सोडवत बसण्याऐवजी प्रत्येक पर्यायाचे अवकलन करून तो समीकरणात घालून पाहावा. जो बसतो तो खरा. स्थिरांकाचे म्हणाल तर क हा क च असतो. त्याचा वर्ग करा, वर्गमूळ काढा, लॉग घ्या, तो पुन्हा क च राहतो. मी तरी कोठेही त्याचे नाव बदलतो आणि आजवर अडलो नाही.

उत्तर २ : निवृत्त शिक्षक, दर्यापूर

वरील उत्तरातील पहिला भाग उत्तम आहे. पर्याय समीकरणात घालून पाहणे म्हणजे ताळा करणे, आणि ताळा करणाऱ्याला मी कधीही टोकले नाही. मात्र एक पथ्य पाळावे : ज्या पर्यायात स्थिरांकच नाही, तोही समीकरणात बसू शकतो, पण ती एक विशिष्ट उकल असते. प्रश्नात सामान्य उकल, म्हणजे स्वेच्छ स्थिरांकासह लिहिलेली उकल, विचारली असेल, तर आधी स्थिरांक मोजावेत आणि मग ताळा करावा. दुसरा भाग मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगताना विद्यार्थ्याच्या पहिल्या दोन शंकांची उत्तरेही येतील.

चुलतभावाच्या उत्तराचा ताळा करून पाहा. य = क्ष − १ + क घेतले तर य′ = १, आणि य′ + य = १ + क्ष − १ + क = क्ष + क. आपल्याला उजवीकडे नुसता क्ष हवा आहे. म्हणजे क शून्य असेल तरच हे उत्तर टिकते. अन्य कोणत्याही किमतीला ते समीकरणाचे उत्तरच नाही. ज्याला आपण ‘कोणतीही किंमत’ घेण्याची मुभा दिली, त्याला प्रत्यक्षात एकच किंमत उरली. आता योग्य रीतीने पाहू. ई^क्ष ने गुणल्यावर डावी बाजू (य ई^क्ष) या गुणाकाराचे अवकलज होते, उजवीकडे क्ष ई^क्ष उरते, आणि समाकलन केल्याक्षणी य ई^क्ष = (क्ष − १) ई^क्ष + क असे मिळते. क चा जन्म या ओळीत झाला. पुढच्या ओळीत सगळ्याला ई^क्ष ने भागायचे आहे. जो या ओळीत हजर आहे त्याला भागाकार चुकत नाही. म्हणून य = क्ष − १ + क ई^(−क्ष). स्थिरांक उशिरा आणला, तर त्याच्या वाट्याचा भागाकार राहून जातो. आता ताळा करा : क ई^(−क्ष) चे अवकलज −क ई^(−क्ष), ते दोघे एकमेकांना उडवतात आणि क कोणताही असला तरी उजवीकडे क्ष च उरतो. ‘कोणताही’ या शब्दाला अर्थ येतो तो येथे.

मुलांना मी फळ्यावर असे सांगत असे की, समाकलनाचे चिन्ह ज्या ओळीत पुसले जाते, त्याच ओळीत क लिहिला गेला पाहिजे. खडू खाली ठेवण्याआधी. शेवटी ‘+ क’ जोडून चालते ते फक्त य′ = (केवळ क्ष चे काहीतरी) अशा सरळ प्रकारात, कारण तेथे समाकलनानंतर करण्यासारखे काही उरतच नाही. अकरावी-बारावीच्या आरंभीची सगळी उदाहरणे याच प्रकारची असल्यामुळे ‘+ क शेवटी’ ही सवय हाताला लागते आणि पुढे नडते.

आता नाव बदलण्याविषयी. क ही कोणतीही वास्तव संख्या असेल, तर २क, क/३, −क, क + ५ या देखील कोणत्याही वास्तव संख्या असू शकतात; एकही किंमत हरवत नाही आणि नवीही येत नाही. म्हणून त्यांना पुन्हा क म्हटले तरी बिघडत नाही, फक्त एकाच ओळीत जुना आणि नवा क एकत्र येऊ नयेत. दोन्ही बाजूंचे समाकलन करताना दोन स्थिरांक लिहून ते एकत्र करणे हेही याच न्यायाने चालते, कारण दोन कोणत्याही संख्यांची वजाबाकी ही एक कोणतीही संख्याच असते. परंतु क² ला क म्हणता येत नाही, कारण क² ऋण होत नाही. ई^क ला नुसते क म्हणता येत नाही, कारण ई^क नेहमी धनच असतो. म्हणजे नाव बदलताना प्रश्न एकच विचारावा : जुन्या राशीला ज्या किमती घेता येत होत्या, नेमक्या त्याच किमती नव्या नावाला घेता येतात का?

य′ = य हे साधे समीकरण घ्या. य ने भागून समाकलन केले की लॉग|य| = क्ष + क. येथून |य| = ई^क × ई^क्ष. केवल मूल्य काढले की ± येते आणि य = ± ई^क × ई^क्ष. आता ± ई^क या राशीला शून्य सोडून सर्व किमती घेता येतात. तिला ख म्हणू, ख ≠ ०. मग गाइडमध्ये शून्याची बंदी का दिसत नाही? कारण सुरुवातीला आपण य ने भागले तेव्हाच ‘य शून्य नाही’ असे न बोलता गृहीत धरले होते. य = ० हे मूळ समीकरणात घालून पाहिले तर ते चक्क बसते. ते वेगळे तपासून परत आणले की ख ला शून्यही चालते, आणि य = ख ई^क्ष हे एकच सूत्र सर्व उकली सांगते. गाइडची ओळ चूक नसते. तिच्यात दोन पायऱ्या गिळलेल्या असतात. नेहमीच असे परत सामावून घेता येते असेही नाही. य′ = य² यात य² ने भागून य = −१/(क्ष + क) मिळते, आणि क ला कोणतीही किंमत दिली तरी य = ० त्यातून निघत नाही; ती उकल स्वतंत्रपणे लिहावीच लागते.

‘लॉग क’ चे गूढ एवढेच आहे की लेखकाला पुढे लॉग काढून टाकायचे आहेत हे आधीच दिसत असते. प्रत्येक वास्तव संख्या ही कोणत्या तरी धन संख्येचा लॉग असते, म्हणून स्थिरांकाला सुरुवातीपासूनच लॉग क, क धन, असे लिहिले तरी काही हरवत नाही. सर्व पदे लॉगची असतील तेव्हा ही युक्ती सोयीची आहे; इतरत्र ती निव्वळ सवयीने केलेली असते.

वरील मित्राने वर्गमूळ काढूनही क हा क राहतो असे लिहिले आहे. य × य′ = क्ष, आणि क्ष = ० असताना य = ३, हे सोडवू. समाकलन केल्यावर, २ ने गुणून, य² = क्ष² + क. मी शेकडो उत्तरपत्रिकांत याच्या पुढची ओळ य = क्ष + क अशी पाहिली आहे. ती खरी मानली तर क = ३, आणि क्ष = ४ असताना य = ७. वास्तविक क = ९, म्हणून क्ष = ४ असताना य² = १६ + ९ = २५, आणि य = ५. सात आणि पाच यांतील फरक हा नावाचा फरक नाही. √(क्ष² + क) मध्ये क हा क्ष² ला चिकटलेला आहे. त्याला बाहेर काढता येत नाही. अशा उदाहरणात सुरुवातीची किंमत शेवटपर्यंत राखून ठेवण्याऐवजी य² = क्ष² + क याच ओळीत घालावी, म्हणजे वर्गमूळ धन घ्यायचे की ऋण, हेही तेथेच ठरते.

उत्तर ३ : जलसंधारणातील एक अभियंता, दारव्हा

सरांनी मूळ मुद्दा मांडलाच आहे. मी खताच्या टाकीविषयी आणि तिच्याशेजारच्या हौदाविषयी लिहिते.

तुमच्या समीकरणात दोन स्थिर संख्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत, हे दोघांना आधी सांगा. म′ = −म/१५ यातील १५ हा आकडा टाकीने आणि पाण्याच्या वेगाने ठरवलेला आहे : ९० लिटर भागिले मिनिटाला ६ लिटर. तो समीकरणातच लिहिलेला आहे, आपल्या मर्जीचा नाही. समाकलनातून येणारा स्थिरांक मात्र समीकरणाला ठाऊक नसतो. तो वडिलांनी टाकीत किती खत ओतले यावर ठरतो. ट मिनिटांनंतर म = क ई^(−ट/१५), आणि ट = ० असताना म = ३, म्हणून क = ३ किलो. क ला एकक आहे हेही दाखवा. लॉग म = −ट/१५ + (स्थिरांक) असे लिहिताना किलोचा लॉग घेतल्यासारखे दिसते आणि ते खटकते; लॉग(म/३) = −ट/१५ असे लिहिले की किलोला किलोने भागले जाते आणि खटका जातो. मी स्वतः ३ पासून म पर्यंतचे निश्चित समाकलन घेते, त्यामुळे स्थिरांक मुळात लिहावाच लागत नाही. तो खालच्या मर्यादेत बसलेला असतो.

आता हिशेब. १५ मिनिटांनी ई^(−१) म्हणजे सुमारे ०.३७ भाग खत टाकीतच असते : ३ किलोपैकी १.१ किलो. टाकीभर पाणी गेले हे खरे, पण त्यातील बराचसा भाग नुकत्याच आत आलेल्या पाण्याचा होता. टाकीच्या चौपट पाणी जाऊ दिले, म्हणजे तुमच्याकडे ६० मिनिटे, तर ई^(−४), म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी, सुमारे ५५ ग्रॅम उरते. खत पूर्ण विरघळलेले आहे आणि आतले पाणी नीट ढवळले जाते, हे यात गृहीत आहे.

याच्या उलट स्वभावाचे एक उदाहरण देते. गुरांच्या पाण्याचा सरळ भिंतींचा सिमेंटचा हौद घ्या, १०० सेंटीमीटर भरलेला, आणि तळाची तोटी उघडा. सतराव्या शतकात इटलीच्या टॉरिचेल्लीने सांगितल्याप्रमाणे तोटीतून पाणी बाहेर पडण्याचा वेग हा पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची ह मानली तर ह′ = −(काही धन संख्या) × √ह, आणि समाकलनानंतर √ह = क − (काही धन संख्या) × ट. सुरुवातीला √१०० = १०, म्हणून क = १०. समजा पहिल्या ६ मिनिटांत पातळी ८१ सेंटीमीटरवर आली; √८१ = ९, म्हणजे वर्गमूळ ६ मिनिटांना एकने उतरते. तेव्हा √ह = १० − ट/६. एका तासात हौद रिकामा.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. आता वर्ग करा : ह = (१० − ट/६)². या सूत्रात ट = ६६ घातले तर ह = १, आणि ट = १२० घातले तर ह = १००. म्हणजे तोटी उघडी ठेवून हौद दोन तासांनी पुन्हा काठोकाठ भरतो! मे महिन्यात असा हौद आमच्या भागात मिळाला तर टँकरची वाट कोणी पाहणार नाही. चूक वर्ग करण्यात आहे. √ह ऋण होऊ शकत नाही, म्हणून √ह = १० − ट/६ ही ओळ ट ≤ ६० एवढ्यापुरतीच खरी होती; वर्ग केल्यावर ती अट कागदावरून पुसली गेली. ६० मिनिटांनंतरची उकल ह = ० ही आहे, जी √ह ने भागताना आपण सुरुवातीलाच टाकून दिली होती. खरे उत्तर या दोन तुकड्यांना जोडून मिळते.

दुसरी गंमत त्याहून मोठी आहे. संध्याकाळी तुम्ही हौदापाशी गेलात आणि तो कोरडा दिसला, तर पाणी दुपारी संपले की सकाळी, हे हौद सांगू शकत नाही. ‘या क्षणी ह = ०’ या माहितीवरून क ठरत नाही; अनेक किमतींचा क चालतो. खताच्या टाकीत असे होत नाही. कोणत्याही क्षणी किती खत आहे हे मोजता आले, तर सुरुवातीला किती टाकले होते ते नेमके काढता येते. एक माहिती दिली की एक स्थिरांक ठरतो, हे आपण वर्गात गृहीत धरून चालतो; येथे √ह चा उतार ह = ० पाशी उभा होतो आणि ती खात्री तेथे संपते.

मोर्शीचा विद्यार्थी

सर, ताई, मनापासून आभार. हौदाचे उदाहरण दोघांना लगेच पटले; चुलतभावाने तर ट = १८० घालून पातळी किती येते तेही काढले. (४०० सेंटीमीटर. हौद आधी चार मीटर उंच बांधावा लागेल, असे तो म्हणाला.) तिसरी शंका मात्र राहिली आहे. शिवाय दुसऱ्या ऑर्डरच्या, म्हणजे य″ (य′ चे पुन्हा अवकलज) असलेल्या, समीकरणात दोन स्थिरांक येतात, तेथे हाच नियम लागतो का?

उत्तर ४ : महाविद्यालयात गणित शिकवणारा, ब्रह्मपुरी

तिसरी शंका सोपी आहे. दोन उत्तरे जुळत नाहीत असे वाटले की त्यांची वजाबाकी करावी. कोसाइन २क्ष = १ − २ साइन²क्ष, म्हणून ½ साइन²क्ष = ¼ − ¼ कोसाइन २क्ष. दोन उत्तरांत फरक ¼ चा, आणि तो स्थिरांकाने पोटात घेतला. तुमचा क आणि गाइडचा क या दोन वेगळ्या संख्या आहेत, एवढेच. अक्षर एक असल्यामुळे त्या एकच वाटतात. तुमच्या क मध्ये ¼ मिळवले की गाइडचा क मिळतो. परीक्षकाने रूप वेगळे म्हणून गुण कापले असतील, तर शांतपणे ही एक ओळ लिहून दाखवावी.

दुसऱ्या ऑर्डरविषयी. सामान्यतः समीकरणाची ऑर्डर जितकी, तितके स्वेच्छ स्थिरांक सामान्य उकलीत असतात. परंतु ते मोजताना अक्षरे मोजायची नसतात. य = क ई^(क्ष + ख) यात दोन अक्षरे आहेत, पण ई^(क्ष + ख) = ई^ख × ई^क्ष, आणि क × ई^ख ही शेवटी एकच संख्या. तसेच य = क + लॉग(ख क्ष) यात लॉग ख सुटा होऊन क ला मिळतो. अशा ठिकाणी ‘दोन स्थिरांक, म्हणून दुसरी ऑर्डर’ असे म्हणणारा विद्यार्थी फसतो. उलट य = क ई^क्ष + ख ई^(२क्ष) यातील क आणि ख एकमेकांत मिसळत नाहीत, कारण क्ष बदलला की दोन पदे वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. तेथे दोन्ही नावे जपावीच लागतात, आणि दोघांनाही क म्हणण्याची चूक तर मुळीच करू नये. मग दोन मोकळ्या संख्यांना आपण नकळत सारख्या करून टाकतो.

य″ + ४य = ० याची उकल एका पुस्तकात क कोसाइन २क्ष + ख साइन २क्ष अशी असते, दुसऱ्यात र कोसाइन(२क्ष − थ) अशी. क = ३, ख = ४ असेल तर र = ५, आणि थ हा असा कोन की कोसाइन थ = ३/५, साइन थ = ४/५. कुटुंब तेच, ओळख सांगण्याची रीत वेगळी. मात्र दुसऱ्या रीतीत र ऋण घेत नाहीत, थ मध्ये पूर्ण फेरा मिळवला तरी उकल बदलत नाही, आणि र = ० असेल तर थ ला अर्थच उरत नाही. सरांचा ‘नव्या नावाला कोणत्या किमती चालतात’ हा प्रश्न येथेही तसाच विचारावा लागतो. सुरुवातीच्या अटी घालताना पहिली रीत सोपी पडते, हालचालीचे चित्र समजून घेताना दुसरी.

दोनदा समाकलन करताना पहिला स्थिरांक पहिल्याच वेळी लिहावा, हे आता वेगळे सांगायला नको. वर फेकलेल्या दगडाला (य ही मीटरमधील उंची, ट हा सेकंदांतील वेळ) य″ = −९.८; एकदा समाकलन केले की य′ = −९.८ट + क, दुसऱ्यांदा य = −४.९ट² + क ट + ख. पहिला क विसरून शेवटी दोन स्थिरांक जोडले, तर क ट हे पद कधीच येणार नाही आणि दगड हातातून केवळ सुटलेला असेल, फेकलेला नसेल.

आणखी दोन ठिकाणे दाखवतो, कारण पुस्तके त्यांच्यावरून झरझर पुढे जातात. य′ = १/क्ष याचे उत्तर लॉग|क्ष| + क असे आपण लिहितो. परंतु क्ष = ० येथे समीकरणाला अर्थच नाही; डावी बाजू आणि उजवी बाजू हे दोन तुटलेले तुकडे आहेत. डावीकडे लॉग(−क्ष) + ७ आणि उजवीकडे लॉग क्ष + २ असे घेतले तरी प्रत्येक ठिकाणी समीकरण पाळले जाते. म्हणजे पहिल्या ऑर्डरचे समीकरण असूनही दोन स्थिरांक, कारण जमिनीचे तुकडेच दोन. परीक्षेत असे कोणी लिहीत नाही, आणि लिहिण्याची गरजही पडत नाही, कारण सुरुवातीची अट एका तुकड्यावर दिलेली असते आणि उत्तरही तेवढ्याच तुकड्यापुरते मागितलेले असते.

दुसरे ठिकाण फ्रेंच गणिती क्लेरो यांनी १७३४ मध्ये अभ्यासलेल्या समीकरणाचे. य = क्ष य′ + (य′)² घ्या. य′ च्या जागी सरळ क लिहिले की य = क क्ष + क² ही उकल मिळते; प्रत्येक क ला एक सरळ रेषा. आता य = −क्ष²/४ घालून पाहा : य′ = −क्ष/२, म्हणून क्ष य′ + (य′)² = −क्ष²/२ + क्ष²/४ = −क्ष²/४. तीही उकल आहे, आणि ती अन्वस्त म्हणजे पॅराबोला आहे; क ला कोणतीही संख्या दिली तरी रेषेची ती होणार नाही. कागदावर क = −२, −१, १, २ अशा चार-सहा रेषा पट्टीने काढल्या, तर त्या सगळ्या त्या अन्वस्ताला स्पर्श करून जाताना दिसतात आणि वक्र न काढताच डोळ्यांसमोर उभा राहतो. तुमच्या दोघांना हे काम द्या. आलेख-कागदावर अर्ध्या तासाचे आहे. सामान्य उकल म्हणजे सर्व उकली, असे नेहमीच नसते, हे समजावण्याला याहून स्वस्त साधन मला सापडलेले नाही.

उत्तर ५ : सीईटीचा परीक्षार्थी

सर, √(क्ष² + क) चे उदाहरण करून पाहिले. माझ्या वहीत तीन ठिकाणी य = क्ष + क असे सापडले; त्यांतील एका ठिकाणी पर्याय बरोबर आला होता, म्हणून लक्ष गेले नव्हते. ‘वर्गमूळ काढूनही क तोच’ हे विधान मागे घेतो.

मोर्शीचा विद्यार्थी

क्लेरोच्या रेषा काल रात्री काढल्या. लाइन नव्हती, म्हणून कंदिलाजवळ बसून. सहा रेषांनंतर वक्र दिसू लागला. मित्राने क = ० ची रेषा विसरली होती, ती क्ष-अक्षच आहे हे त्याला नंतर कळले.

खताचा हिशेब वडिलांपुढे मांडला. टाकीत १.१ किलो उरते हे त्यांना लगेच पटले नाही. मात्र १५ मिनिटांनी झाकण उघडल्यावर पाण्याचा रंग अजून तसाच होता, तेव्हा ते गप्प झाले. मग त्यांनी विचारले की, खत अर्धे, म्हणजे दीड किलो टाकले, तर तासाऐवजी अर्धा तास पुरेल का. मी काही बोलण्याच्या आतच चुलतभाऊ म्हणाला की दीड किलो हा क आहे, काका, पंधरा मिनिटे हा क नाही; खत निम्मे केले तरी २ टक्क्यांवर यायला तासच लागेल. मागे तेवढेच ५५ ग्रॅम राहिलेले चालणार असतील, तर मात्र १० मिनिटे वाचतील, ५० मिनिटांत होईल. हे दुसरे उत्तर त्याने वहीत लॉग घेऊन काढले, आणि या वेळी स्थिरांक समाकलनाच्याच ओळीत लिहिला होता.